स्टॉप लॉस लावूनही अकाउंट रिकामं का होतं? उड्या मारणाऱ्या शेअरचं साधं गणित

४ जून २०२४. लोकसभेची मतमोजणी सुरू होती आणि आमच्या हसनाबादेत सगळ्यांचं लक्ष जालन्याच्या निकालाकडे होतं. भोकरदन म्हणजे रावसाहेब दानवेंचा घरचा तालुका. पाच वेळा खासदार झालेले दानवे काँग्रेसच्या कल्याण काळेंकडून हरतायत, हे अनेकांच्या पचनी पडत नव्हतं. पण त्याच वेळी देशभरातली लाखो तरुण पोरं टीव्हीकडे नाही, तर मोबाईलमधल्या लाल आकड्यांकडे बघत होती. त्या दिवशी सेन्सेक्स ४,३८९ अंकांनी पडला आणि ७२,०७९ वर बंद झाला.

आता आदला दिवस बघा. ३ जूनला एक्झिट पोलच्या जोरावर हाच सेन्सेक्स २,५०७ अंकांनी वर गेला होता. तोवरचा सगळ्यात वरचा बंद भाव. चार्टवर अगदी पुस्तकात दाखवतात तसा ब्रेकआउट. तो बघून ज्याने खरेदी केली, त्याने टेक्निकल अ‍ॅनालिसिसचा कुठलाही नियम मोडला नव्हता. दुसऱ्या दिवशी तो तोंडावर आपटला. आणि तिसरी गोष्ट: ७ जूनला सेन्सेक्स ७६,६९३ वर बंद झाला, म्हणजे ३ जूनच्याही वर.

म्हणजे चार दिवसांत अंदाज बरोबर ठरला. ज्याने स्वतःच्या पैशातून झेपेल एवढंच घेतलं होतं, त्याची झोप दोन-तीन रात्री उडाली असेल, बाकी काही नाही. ज्याने फ्युचर्समध्ये किंवा ब्रोकरच्या उधारीवर ऐपतीच्या कितीतरी पट घेतलं होतं, त्याची पोझिशन मार्जिन संपल्यामुळे ४ तारखेलाच कापली गेली. ७ तारीख त्याच्या काहीच कामाची नव्हती.

इन्स्टाग्रामच्या रील्समध्ये ‘कुठला शेअर घ्यायचा’ हे शंभर जण सांगतात. ‘किती घ्यायचा’ हे फारसं कुणी सांगत नाही. आणि जोरात हलणाऱ्या शेअरमध्ये सगळा खेळ या दुसऱ्या प्रश्नाचा आहे.

‘हा शेअर लई हलतो’ म्हणजे नेमका किती?

मिरची विकायला बाजारात गेलेल्या माणसाला व्होलॅटिलिटी शिकवायची गरज नाही. सकाळचा भाव दुपारी राहत नाही हे त्याला माहीत असतं, आणि तो नुसता भाव बघत नाही, आवकही बघतो. भाव चढलाय पण बाजारात मालच दोन गाड्या आलाय, तर त्या भावावर तो घर बांधायला काढत नाही.

शेअरचंही तसंच. फक्त इथे ‘लई हलतो’ हे मोजायला एक मापट्टी आहे, तिचं नाव एटीआर, म्हणजे अ‍ॅव्हरेज ट्रू रेंज. वेल्स वाइल्डर नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने १९७८ साली एका पुस्तकात ती मांडली. ज्या आरएसआयवर आज अर्धं यूट्यूब चालतं, तोही त्याच पुस्तकातला.

एटीआर काढायला दिवसाचा सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा भाव यातलं अंतर घ्यायचं. पण शेअर कालच्या बंद भावापासून उडी मारून उघडला असेल, तर ती उडीही धरायची. अशा १४ दिवसांची सरासरी काढली की आकडा मिळतो. हाताने काढायची गरज नाही, कुठल्याही चार्टिंग अ‍ॅपमध्ये ‘एटीआर’ टाकलं की खाली दिसतो. तो शेअर वर जाणार की खाली, हे एटीआर सांगत नाही. साधारण दिवसात तो किती हलतो, एवढंच सांगतो.

समजा दोन शेअर आहेत, दोन्ही ४०० रुपयांचे. एकाचा एटीआर ६ रुपये, दुसऱ्याचा १६ रुपये. दोन्हीला तुम्ही ८ रुपये खाली, म्हणजे ३९२ ला स्टॉप लॉस लावला. पहिल्याला तो ठीक आहे, कारण साध्या दिवशी तो तिथपर्यंत सहसा जात नाही. दुसरा मात्र रोज १६ रुपये हलतो. तो काहीही न बिघडता, नुसता चहा पीत पीत ३९२ ला शिवून परत वर येईल. तुम्ही बाहेर पडाल, शेअर ४२० ला जाईल, आणि तुम्ही मित्राला सांगाल की ऑपरेटर माझा स्टॉप लॉस बघूनच भाव खाली आणतो. (ऑपरेटरला हसनाबादच्या १२५ शेअरची एवढी फिकीर नसते.)

म्हणून हलत्या शेअरला स्टॉप लॉस लांब लागतो. बरेच जण एटीआरच्या दीड ते दोन पट अंतर ठेवतात. स्टॉप लांब गेला की एका शेअरमागचा तोटा वाढतो, म्हणून शेअरची संख्या कमी करावी लागते. हीच पायरी बहुतेक जण गाळतात.

आता ५० हजारांचा हिशोब

सोयाबीनच्या पट्टीतले ५० हजार तुम्ही बाजूला काढले असं समजू. एका सौद्यात जास्तीत जास्त १ टक्का, म्हणजे ५०० रुपये गेले तर चालतील असं ठरवलं. १६ एटीआरच्या शेअरला दोन पट अंतर म्हणजे ३२ रुपये. ५०० ला ३२ ने भागा. उत्तर १५ शेअर. रक्कम ६,००० रुपये.

एवढंच? हो, एवढंच. ६ एटीआरच्या शांत शेअरमध्ये याच हिशोबाने ४१ शेअर येतात.

प्रत्यक्षात काय होतं? खात्यात ५० हजार दिसतात म्हणून माणूस सरळ १२५ शेअर घेतो. किंवा इंट्राडेला ब्रोकर पाचपट देतो म्हणून ६२५ घेतो. मग तोच शेअर, काही विशेष बातमी नसताना, नेहमीसारखा १६ रुपये उलटा गेला की १० हजार गेले. एका दिवसात भांडवलाचा पाचवा हिस्सा. उरलेल्या ४० हजारांवर ते १० हजार परत मिळवायला २० नाही, २५ टक्के कमवावे लागतात. निम्मे गेले तर १०० टक्के. खड्डा जितका खोल, तितकी वर यायची शिडी त्याहून लांब.

याउलट ५०० च्या हिशोबाने सलग दहा सौदे चुकले तरी ४५ हजार शाबूत राहतात. आणि सलग दहा चुकणं काही आकाशातून पडलेली गोष्ट नाही, बाजार आडवा चालला की होतं.

निवड करताना

शेअर हलतो म्हणून तो ट्रेडिंगला चांगला, असं नसतं. तो हलताना दोन्ही बाजूंना पुरेसे घेणारे-विकणारे आहेत का, हे आधी बघा. खरेदी आणि विक्रीच्या भावात दोन-दोन रुपयांचं अंतर दिसत असेल तर शेअर सोडून द्या, तिथे आत शिरतानाच तोटा झालेला असतो. म्हणून सुरुवातीला एनएसईच्या एफ अँड ओ यादीतले शेअर बरे. फ्युचर्स-ऑप्शन करायला नाही म्हणत, त्यांची कॅशमधली उलाढाल मोठी असते म्हणून.

ब्रेकआउट दिसला तर त्या दिवसाची उलाढाल आधीच्या महिनाभराच्या सरासरीशी ताडून बघा. मिरचीच्या आवकेचा नियम इथेही लागतो. कंपनीचा निकाल कधी आहे, रिझर्व्ह बँकेचं धोरण कधी आहे, हेही आधीच माहीत पाहिजे. चार्टवर या तारखा ठळक दिसत नाहीत, म्हणून त्या विसरल्या जातात.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर येणारा, रोज अप्पर सर्किट लागणारा तीस रुपयांचा शेअर टेक्निकल अ‍ॅनालिसिसच्या कक्षेतच येत नाही. त्यावर आरएसआय लावणं म्हणजे चोराला वेळ विचारण्यासारखं आहे.

स्टॉप लॉस कुठे फसतो?

इथे थोडं थांबू, कारण ‘स्टॉप लॉस लावलाय, आता टेन्शन नाही’ हा समज सगळ्यात महाग पडतो.

स्टॉप लॉस हा भावाची हमी नाही. तो एक निरोप आहे: भाव इथे आला की विकून टाक. पण भाव तिथे आलाच नाही, थेट त्याच्या खालीच उघडला तर? १६ जानेवारी २०२४ ला संध्याकाळी एचडीएफसी बँकेचे तिमाही निकाल आले. १७ तारखेला शेअर खाली उघडला आणि दिवसअखेर ८ टक्क्यांहून जास्त पडून बंद झाला. ही देशातली सगळ्यात मोठी खाजगी बँक आहे, कुठली टुकार कंपनी नाही. ज्यांचा स्टॉप आदल्या दिवशीच्या भावाच्या ३ टक्के खाली होता, त्यांना तो भाव मिळालाच नाही. मिळाला तो त्याच्या बऱ्याच खालचा.

दुसरी जागा म्हणजे लोअर सर्किट. बहुतेक शेअरना एका दिवसात २, ५, १० किंवा २० टक्क्यांची मर्यादा असते. खालची मर्यादा लागली की विकणाऱ्यांची रांग लागते आणि घेणारा कुणी नसतो. तुमचा स्टॉप लॉस रांगेत उभा राहतो, बस. दुसऱ्या दिवशी पुन्हा सर्किट.

यावर चार्टमध्ये कुठलाही इंडिकेटर नाही. इलाज तोच, मघाचे १५ शेअर. १५ शेअर असताना ८ टक्क्यांची उडी आली तरी तोटा ४८० रुपयांचा. ६२५ असताना २० हजारांचा. अर्थात इंट्राडेची पोझिशन रात्री राहत नाही, पण फ्युचर्सची राहते, आणि तिथे आकार त्याहून मोठा असतो. २० नोव्हेंबर २०२४ पासून निर्देशांकाच्या नव्या कराराची किमान किंमतच सेबीने १५ लाख केली आहे.

सौदा फायद्यात गेला तर स्टॉप लॉस हळूहळू वर सरकवत न्यायचा, सगळ्यात वरच्या बंद भावापासून दोन एटीआर खाली. खाली मात्र कधीच सरकवायचा नाही. ‘अजून थोडं बघू’ म्हणून खाली सरकवलेल्या स्टॉप लॉसमुळेच इंट्राडेवाला आपोआप ‘लाँग टर्म इन्व्हेस्टर’ होतो.

आणि कमाई किती?

आता जरा कडू भाग. वरच्याच शेअरमध्ये तुम्ही ३२ रुपयांचा धोका पत्करून ६४ रुपयांचं लक्ष्य ठेवलं. दहा सौद्यांत चार बरोबर आले, सहा चुकले. चारचे मिळाले ३,८४०, सहाचे गेले २,८८०. उरले ९६०. एका सौद्याला ब्रोकरेज, एसटीटी, बाकीचे आकार मिळून ५० रुपये धरले, तर त्यातून ५०० गेले. हातात ४६० रुपये. त्यावर टॅक्स वेगळा.

सगळे नियम पाळून दहा सौद्यांत एखाद्या दिवसाच्या मजुरीएवढे पैसे. ५० हजारांच्या भांडवलावर ट्रेडिंग ‘करिअर’ का होत नाही, याचं उत्तर या एका ओळीत आहे. आणि हे उत्तर आवडत नाही म्हणूनच माणूस १५ चे ६२५ करतो, किंवा ऑप्शनकडे वळतो, कारण तिथे काही हजारांत मोठा आकडा खेळता येतो.

तिकडे काय होतं ते सेबीनेच मोजलंय. सप्टेंबर २०२४ च्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत एफ अँड ओ करणाऱ्या १ कोटींहून जास्त वैयक्तिक ट्रेडर्सपैकी ९३ टक्के तोट्यात होते. सरासरी तोटा माणशी सुमारे २ लाख. एकूण १.८ लाख कोटींहून जास्त. खर्च वजा जाता १ लाखाच्या वर नफा फक्त १ टक्का लोकांना झाला. २०२३-२४ मध्ये यातले ४३ टक्के ट्रेडर तिशीच्या आतले होते आणि सत्तर टक्क्यांहून जास्त हे मोठ्या ३० शहरांच्या बाहेरचे. म्हणजे आपल्यासारखेच.

साध्या इंट्राडेचंही चित्र फार वेगळं नाही. २०२२-२३ मध्ये दहापैकी सात जण तोट्यात गेले, तिशीच्या आतल्यांमध्ये ७६ टक्के. त्यातला एक आकडा मला जास्त बोलका वाटतो: तोट्यात गेलेल्यांनी तोट्याच्या आणखी ५७ टक्के रक्कम नुसत्या व्यवहाराच्या खर्चात घालवली. म्हणजे १०० रुपये हरले आणि हरण्याची फी ५७ रुपये भरली.

क्लास लावायचा विचार असेल तर

४ डिसेंबर २०२५ ला सेबीने कर्जतच्या अवधूत साठे ट्रेडिंग अकॅडमीविरुद्ध आदेश काढून ५४६ कोटी रुपये जप्त करण्यास सांगितले. शिकवण्याच्या नावाखाली नोंदणी नसताना गुंतवणुकीचा सल्ला दिला जात होता, असा सेबीचा प्राथमिक निष्कर्ष होता. हा अंतरिम आदेश होता, अंतिम निकाल नव्हे. पण त्यातून शिकवणं आणि टिप देणं यातली रेघ कुठे आहे ते कळतं. जानेवारी २०२५ मध्ये आलेला नियम असा होता की केवळ शिक्षण देणाऱ्याने शिकवताना तीन महिन्यांच्या आतले भाव वापरायचे नाहीत. त्यामुळे क्लासमध्ये कुणी आजच्या चार्टवर ‘इथे घ्या, इथे विका’ सांगत असेल तर त्याला सेबीचा नोंदणी क्रमांक विचारा. गुंतवणूक सल्लागाराचा क्रमांक ‘आयएनए’ने आणि रिसर्च अ‍ॅनालिस्टचा ‘आयएनएच’ने सुरू होतो, आणि सेबीच्या वेबसाइटवर तो दोन मिनिटांत तपासता येतो.

नंबर खरा निघाला तर पुढचा प्रश्न विचारा: सर, ५० हजारात किती शेअर घेऊ?