हॉर्नबी वेलार्ड : देवीचा कौल आणि भरतीचे पाणी

मुंबईतल्या महालक्ष्मी आणि वरळी यांच्यामधले खाडीचे तोंड बंद करणारा बांध गव्हर्नर विल्यम हॉर्नबीच्या कारकिर्दीत, १७८४ च्या सुमारास पुरा झाला. आजचा लाला लजपतराय मार्ग त्यावरूनच जातो. आख्यायिका अशी की, बांध पुन्हापुन्हा कोसळे. मग बांधाचे काम पाहणाऱ्या रामजी शिवजी प्रभूंच्या स्वप्नात महालक्ष्मी देवी आली, समुद्रातून मूर्ती वर काढल्या आणि बांध टिकला.

यावरून बांध कोसळण्यामागे दैवी अडथळा होता, असा समज झाला. भरतीचा हिशेब मांडला की उलगडा होतो. मुंबईत उधाणाचे पाणी पाच मीटरच्या आसपास चढते आणि दिवसातून दोनदा आत-बाहेर करते. बांध दोन्ही टोकांकडून पुढे सरकतो तशी मधली फट अरुंद होते, पण तिच्यातून जाणारे पाणी त्या मानाने कमी होत नाही. साहजिकच प्रवाहाचा वेग वाढतो, तळ खरवडला जातो आणि टाकलेले दगड वाहून जातात. म्हणजे काम संपत आले की ते सर्वात अवघड होते. अशा वेळी जड दगड आणि भांगाची कमजोर भरती हेच उपयोगी पडतात. स्वप्नाची गोष्ट श्रद्धेची आहे. कोसळणारा बांध मात्र अगदी पटण्याजोगा आहे.

या एका बांधाने मुंबईची सात बेटे जोडली, हेही खरे नाही. कुलाब्याला जोडणारा रस्ता १८३८ मध्ये झाला.

बांध झाला आणि मागची जमीन लगेच वसली, हा तिसरा आणि सर्वात महागात पडलेला गैरसमज. समुद्र अडला, पण आतला सखल भाग भरतीच्या पातळीखालीच राहिला आणि पावसाच्या पाण्याला वाट उरली नाही. भराव पुढे कित्येक दशके चालला. दादर-माटुंग्याची आखीव वस्ती तर १८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ मध्ये स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने उभी केली.

दादर पूर्वेचा हिंदमाता परिसर आजही बशीसारखा खोलगट आहे. भरतीच्या वेळी गटारांचे पाणी आपसूक समुद्रात जात नाही. म्हणून महापालिकेने दादरच्या प्रमोद महाजन उद्यानाखाली आणि परळच्या सेंट झेवियर्स मैदानाखाली भूमिगत टाक्या बांधल्या. हिंदमाताचे पाणी पंपांनी तिथे नेऊन ओहोटीपर्यंत साठवले जाते.