पॉइंट टू-टूची हौस

वाकडहून मुळा ओलांडली की बालेवाडीचे श्री शिवछत्रपती क्रीडा संकुल लागते. तिथल्या 50 मीटर रेंजवर वाजते ती .22 रिमफायर रायफल. तिची पिन काडतुसाच्या बुडावर मधोमध नाही, काठावर आदळते. पेट घेणारा मसाला त्या दुमडलेल्या कडेतच भरलेला असतो. उडालेली पितळी पुंगळी उचलून पाहा, काठावर बारीकशी खाच दिसेल. ही पुंगळी पुन्हा भरता येत नाही.

काउबॉयपटांतली, चापाखालची दांडी खाली-वर करून गोळी चढवायची ‘लिव्हर ॲक्शन’ मुळात याच जातीची. 1860ची हेन्री आणि 1866ची विंचेस्टर, दोन्ही .44 रिमफायर. आपल्याकडे ती विरळाच. बंदुकांच्या खासगी आयातीवर 1980च्या दशकापासून निर्बंध आहेत, सूट मिळते ती नामांकित नेमबाजांना.

आता पुन्हा रेंजवर. 50 मीटरवरच्या लक्ष्यावरचे दहा गुणांचे वर्तुळ जेमतेम 10.4 मिलिमीटरचे! याच .22ने कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने 2010 मध्ये म्युनिचला जागतिक विजेतेपद मिळवले, तर कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने 2024च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये 451.4 गुणांसह कांस्य.

वाकडकरांनी शस्त्रपरवान्यासाठी पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालयाकडे अर्ज करायचा. शस्त्र कायद्यातल्या 2019च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारण परवान्यावर जास्तीत जास्त दोनच बंदुका ठेवता येतात. नेमबाजांसाठी वेगळ्या सवलती आहेत. मात्र हौशी माणसाने थेट .22च्या मागे धावू नये, आधी 10 मीटर एअर रायफलवर हात बसवावा.