कॉलेजातलं पहिलं पाऊल

दिवाळीच्या सुट्टीनंतर आमची एक जुनी विद्यार्थिनी शाळेत भेटायला आली. दहावीला तिला 81 टक्के मिळाले होते. सायन्सला प्रवेश झाला तेव्हा तिनं सगळ्या स्टाफरूमला पेढे वाटले होते. अभ्यास कसा चाललाय, असं आम्ही विचारलं, तर मान खाली घालून म्हणाली, "टीचर, मी कॉलेज सोडलं."

खोदून खोदून विचारल्यावर कारण कळलं. प्रॅक्टिकलचं जर्नल दर आठवड्याला तपासून सही घ्यायची असते, हे तिला माहीत नव्हतं. हजेरी 75 टक्क्यांच्या खाली गेली आणि डिफॉल्टर यादीत नाव लागलं. यादीत नाव म्हणजे कॉलेजातून काढून टाकलं, असा तिनं अर्थ घेतला आणि दुसऱ्या दिवसापासून जाणंच बंद केलं. ऑफिसात जाऊन एक प्रश्न विचारला असता तर सगळं सुटलं असतं. पण विचारायचं कुणाला? अब्बा रिक्षा चालवतात, अम्मी चौथीपर्यंत शिकलेली. त्या घरातून कॉलेजात गेलेली ती पहिलीच मुलगी.

अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजांविषयी वाचताना आम्हाला ही मुलगी सारखी आठवत राहिली. ही दोन वर्षांची सरकारी कॉलेजं. त्यांतलं सर्वांत जुनं, इलिनॉयमधलं जॉलिएट, 1901 साली सुरू झालं. इथे गुणांची मोठी अट नसते, फी विद्यापीठापेक्षा बरीच कमी. त्यामुळे दुकानात काम करून शिकणारी मुलं, परदेशातून आलेल्या कुटुंबांतली मुलं, लेकरं सांभाळून शिकणाऱ्या आया, सगळे तिथे येतात. अनेकांच्या घरात आधी कुणी कॉलेज पाहिलेलं नसतं. दार सगळ्यांना उघडं, पण पदवी हातात पडण्याआधीच गळून जाणारेही पुष्कळ.

तिथे प्रत्येक प्राध्यापक आठवड्यात काही ठरावीक तास फक्त विद्यार्थ्यांना भेटण्यासाठी आपल्या खोलीत बसतात. त्याला 'ऑफिस अवर्स' म्हणतात. नव्या मुलांना वाटतं, ही साहेबांच्या कामाची वेळ, या वेळात त्यांना त्रास द्यायचा नाही! हसू येतं, पण आमच्या मुलीचा डिफॉल्टर यादीचा समज याहून वेगळा कुठे होता? रिबेका कॉक्स यांच्या 'द कॉलेज फिअर फॅक्टर' या 2009 सालच्या पुस्तकात अशीच मुलं भेटतात. आपण कॉलेजच्या लायकीचे नाही, हे उघडं पडेल या भीतीनं ती प्रश्न विचारत नाहीत, निबंध लिहूनही देत नाहीत. शिक्षकांना ती बेफिकीर वाटतात. वर्गात मागच्या बाकावर गप्प बसणाऱ्या मुलांना आम्हीही कितीदा 'लक्ष नाही' म्हणून मोकळे झालो आहोत, ते आठवून वाईट वाटलं.

यावर तिकडे जे उपाय झाले, त्यांतला एक म्हणजे पहिल्या सत्रातलं खास सेमिनार. याची सुरुवात कम्युनिटी कॉलेजात झाली नाही. साउथ कॅरोलायना विद्यापीठानं 1972 साली 'युनिव्हर्सिटी 101' नावाचा वर्ग नव्या विद्यार्थ्यांसाठी काढला आणि ती कल्पना देशभर पसरली. वेळ कसा वापरावा, टिपणं कशी काढावीत, ग्रंथालय कसं वापरावं, हे त्यात शिकवत.

अडचण अशी की नुसता उपदेश अंगाला लागत नाही. कशाची टिपणं, हेच नसेल तर टिपणं काढायला काय शिकणार? पीठ न मळता पोळी लाटायला शिकवण्यासारखंच ते. म्हणून काही कॉलेजांनी सेमिनारला एक खरा विषय द्यायला सुरुवात केली.

न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन भागात 2012 साली उघडलेलं गटमन कम्युनिटी कॉलेज हे याचं चांगलं उदाहरण. पहिल्या वर्षी सगळ्यांनी पूर्णवेळ शिकायचं आणि सत्राआधी उन्हाळ्यात तयारीचा वर्ग करायचा, असा तिथला नियम ठेवला गेला. मुख्य गोष्ट म्हणजे 'सिटी सेमिनार'. त्याचा विषय खुद्द न्यूयॉर्क शहर. शहरातला एक प्रश्न घ्यायचा. वाचन-लेखन त्यावर, आकडेमोडही त्यावरच, आणि गटात बसून काम करायला वेगळा तास.

समजा, विषय कचरा आहे. स्टेटन आयलंडवर फ्रेश किल्स नावाचं सुमारे 2,200 एकरांचं डम्पिंग ग्राउंड होतं. 1948 साली सुरू झालं, 2001 साली बंद झालं. आता शहराचा कचरा दूरच्या गावांना पाठवला जातो. मग मुलानं टक्केवारी करायची ती टनांची आणि खर्चाची. निबंध लिहायचा तो 'आमचा कचरा दुसऱ्याच्या दारात का?' यावर. पुरावा शोधायला ग्रंथालयात जायचं, आणि अडलं की प्राध्यापकांच्या खोलीचं दार ठोठवायचं, कारण आता विचारायला काहीतरी हातात आहे. 'मला काही समजत नाही' म्हणायला लाज वाटते. 'हा आकडा त्या आकड्याशी जुळत नाही' म्हणायला वाटत नाही.

म्हणजे सेमिनार हा रामबाण उपाय आहे, असं आमचं म्हणणं नाही. ब्रुकलिनच्या किंग्जबरो कॉलेजात 2003 पासून दोन वर्षं एक प्रयोग झाला. जास्तीत जास्त 25 मुलांचा गट करून इंग्रजी, एक मुख्य विषय आणि नवागतांचा वर्ग असे तीन वर्ग एकत्र दिले गेले. कुणाला गटात घ्यायचं ते चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरवलं, म्हणून तुलना खरी झाली. पहिल्या सत्रात गटातली मुलं जास्त विषयांत पास झाली, कॉलेजात रमली. पुढे गट सुटला तसा फरक कमी होत गेला. उलट त्याच न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीनं 2007 पासून 'असॅप' नावाची योजना चालवली. तिच्यात सेमिनार आहेच, पण त्याच्या जोडीला नेहमी भेटणारा मार्गदर्शक, बस-रेल्वेचा पास, पुस्तकांना मदत, आणि हे सगळं तीन वर्षांपर्यंत. त्या मुलांपैकी तीन वर्षांत 40 टक्के पदवीधर झाली; ज्यांना योजना मिळाली नाही त्यांच्यापैकी 22 टक्के. आम्हाला या आकड्यांत सगळ्यात बोलका वाटला तो बसचा पास. महिनाअखेरीस भाड्याचे पैसे नाहीत म्हणून घरी बसणारी मुलं आमच्याही ओळखीची आहेत.

आपल्याकडेही यूजीसीनं 2019 साली 'दीक्षारंभ' नावानं नवागतांच्या वर्गाची मार्गदर्शिका काढली. पण ती पदवीच्या पहिल्या वर्षासाठी. आमची मुलं त्याच्या आधी, अकरावीतच गळतात. उर्दू माध्यमातून एकदम इंग्रजीत, आणि तेही शंभर-सव्वाशेच्या वर्गात.

म्हणून यंदा आम्ही दोघा-तिघा शिक्षकांनी दहावीच्या निकालानंतर चार रविवार शाळेतच एक वर्ग घेतला. विषय शोधावा लागला नाही. आमची शाळा गोवंडीची, खिडकीतून देवनारचं डम्पिंग ग्राउंड दिसतं. 1927 पासूनचं, सव्वातीनशे एकरांचं. 2016 च्या जानेवारीत ते पेटलं तेव्हा धुरामुळे शाळा बंद ठेवाव्या लागल्या होत्या. एकोणीस मुलं आली. पहिल्या रविवारी इंग्रजी बातम्यांतून टिपणं काढली. अर्ध्या मुलांनी बातमीच उतरवून काढली! दुसऱ्या रविवारी टक्केवारी. तिसऱ्या रविवारी महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसला अर्ज कसा लिहायचा, पोचपावती कशी मागायची. एका मुलानं सांगितलं की त्याचे अब्बा कचऱ्यातून प्लास्टिक वेचतात, आणि भाव त्यांनाच विचारा. पुढच्या रविवारी ते आले, दाराशी उभे राहिले. खुर्ची दिली तरी बसेनात. प्लास्टिकचे सात प्रकार आणि प्रत्येकाचा भाव त्यांनी सांगितला. मुलांनी लिहून घेतला. त्यांचा मुलगा सगळ्यात पुढे बसून लिहीत होता.

त्याच शेवटच्या रविवारी आम्ही त्या जर्नलवाल्या मुलीलाही बोलावलं होतं. ती आता कला शाखेतून 17 नंबरचा फॉर्म भरून बारावीला बसणार आहे. आम्हाला वाटलं होतं, ती संकोचेल. तिनं फळ्यावर मोठ्या अक्षरांत 'डिफॉल्टर' लिहिलं, खाली उर्दूत अर्थ लिहिला, आणि यादीत नाव आलं तर कोणत्या खिडकीवर जायचं, कोणता अर्ज द्यायचा, डॉक्टरांचा दाखला कधी जोडायचा, हे पाऊण तास सांगत राहिली. मागच्या बाकावरच्या एका मुलीनं हात वर करून विचारलं, "आपा, खिडकीवरचे ओरडले तर?"

"तर उद्या परत जायचं," ती म्हणाली, आणि फळा पुसायला लागली.