टायमिंग बेल्ट : दोन फेऱ्यांचा हिशेब

मुकुटबनहून वणीकडे निघालेली डिझेल मोटार चालता चालता एकदम बंद पडते. चार जण उतरून धक्का मारू लागतात. पण टायमिंग बेल्ट तुटला असेल, तर धक्का मारून इंजिनाचे नुकसानच वाढते. असे का?

टायमिंग बेल्ट म्हणजे काचतंतूंच्या दोऱ्या घातलेला दातेरी रबरी पट्टा. १९६२ साली जर्मनीच्या ग्लास मोटारीत तो आला. १९९८ च्या अखेरीस पुण्याहून बाजारात आलेल्या टाटा इंडिकाच्या डिझेल इंजिनातही तो होता.

चार टप्प्यांच्या इंजिनात क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्या होतात, तेव्हा प्रत्येक व्हॉल्व्ह एकदाच उघडतो. म्हणून व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट निम्म्या वेगाने फिरायला हवा. क्रँकच्या चाकाला २० दाते असतील, तर कॅमच्या चाकाला ४० असतात. सायकलची साखळी एक दात सरकवून बसवली तरी काही बिघडत नाही. तेथे फक्त वेगांचे गुणोत्तर महत्त्वाचे. इंजिनात मात्र दोन्ही चाकांची परस्पर जागाही जुळावी लागते. एक दात चुकला की क्रँकच्या मानाने १८ अंशांचा फरक पडतो.

डिझेल इंजिन हवा सुमारे विसाव्या हिश्शापर्यंत दाबते. म्हणजे पिस्टन वर आला की जागा जवळजवळ उरतच नाही. मिनिटाला ३००० फेऱ्यांच्या वेगात पिस्टन खालून वर यायला १/१०० सेकंद लागतो. पट्टा तुटला की कॅम थांबतो, क्रँक मात्र गतीमुळे फिरत राहतो. मग उघडे राहिलेले व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकतात. धक्का मारणे म्हणजे हीच टक्कर पुन्हा घडवणे.

ताशी ६० किलोमीटर वेगाला मिनिटाला २००० फेऱ्या धरल्या, तर ६०,००० किलोमीटरमध्ये क्रँकच्या १२ कोटी फेऱ्या होतात. त्यात विदर्भातला उन्हाळा, गळणारे ऑइल, आणि झाकण फुटले असेल तर कोळशाची व चुनखडीची धूळ. वरून धडधाकट दिसणारा पट्टाही आतून थकलेला असतो. म्हणून पुस्तिकेत दिलेले किलोमीटर किंवा वर्षे, यांतले जे आधी भरेल तेव्हा तो बदलावा.

बदलताना मेकॅनिक आधी चाकांवरच्या खुणा जुळवतो, मगच ताण देणारी पुली सैल करतो. ती पुली, आणि पाण्याचा पंप त्याच पट्ट्यावर चालत असेल तर तोही, सोबतच बदलणे शहाणपणाचे. नवा पट्टा दुमडू नये. आतले तंतू तुटतात.

शेवटी स्टार्टर न मारता क्रँक हाताने दोन पूर्ण फेऱ्या फिरवतात. दोनच का? एका फेरीनंतर क्रँकची खूण जागेवर येते, पण कॅमची समोरच्या बाजूला असते. दुसऱ्या फेरीनंतर दोन्ही जुळतात. फिरवताना हाताला काही अडल्यासारखे वाटले, तर तिथेच थांबावे. चूक हाताने सापडली तर पट्टा पुन्हा बसवावा लागतो. स्टार्टरने सापडली तर इंजिनाचे हेड उतरवावे लागते.

वर्गात पुठ्ठ्याची २० व ४० दात्यांची चाके करून ही दुसरी फेरी मुलांना मोजायला लावावी.