डॉक्टरांचा सहायक आणि त्याचे पुढचे शिक्षण

जखमेला टाके घालणारा मनुष्य डॉक्टर नसून डॉक्टरांचा सहायक आहे असे कळले, तर आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात पहिला प्रश्न येईल तो हा, की हे काम तो शिकला कोठे? प्रश्न रास्त आहे, आणि निरनिराळ्या देशांनी त्याचे उत्तर निरनिराळ्या वाटांनी शोधले आहे.

अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात डॉ. यूजीन स्टेड यांनी १९६५ मध्ये, नौदलात रुग्णसेवा केलेल्या चौघांना घेऊन, 'फिजिशियन असिस्टंट'चा अभ्यासक्रम सुरू केला. शिक्षण सर्वसाधारण वैद्यकाचे द्यावयाचे. पुढे ज्या डॉक्टरांच्या हाताखाली काम मिळेल तेथे हाताला वळण लागेल, अशी योजना. त्यामुळे आज अस्थिविभागात असलेला सहायक उद्या हृदयविभागात जाऊ शकतो. खुद्द डॉक्टरांनाही अशी मोकळीक नाही! पण तेथे पहिल्या दिवशी तो नवशिकाच, हेही ओघाने आलेच. न्यूयॉर्कच्या मॉन्टेफिओरे रुग्णालयाने १९७१ मध्ये यावर तोड काढली आणि सहायकांसाठी शस्त्रक्रियेचे पदव्युत्तर शिक्षण सुरू केले. आज असे वर्ष-दीड वर्षाचे अभ्यासक्रम अनेक शाखांत आहेत. २०११ पासून काही शाखांच्या स्वतंत्र परीक्षाही आहेत. मात्र सक्ती कशाचीच नाही. विद्यावेतन पगाराहून कमी, तेव्हा बहुतेक जण सरळ नोकरीच धरतात. त्यांना दोष कोणी द्यावा?

हॉलंडने २००१ मध्ये उलट वाट धरली. तेथे परिचारिकेसारखा अनुभवी मनुष्य आधी एखाद्या विभागात नोकरीला लागतो आणि अडीच वर्षे तेथे काम करीतच पदव्युत्तर पदवी घेतो. विशेष शिक्षण वेगळे उरतच नाही; पण विभाग बदलायचा तर पुन्हा शिकणे आले.

आपल्याकडेही आरंभ एका शाखेतूनच झाला. मद्रास मेडिकल मिशनमध्ये डॉ. के. एम. चेरियन यांनी १९९२ मध्ये हृदयशस्त्रक्रियेच्या साहाय्यासाठी माणसे तयार करण्यास प्रारंभ केला. या व्यवसायाला कायद्यात स्थान मिळाले ते २०२१ मध्ये.

इंग्लंडात मात्र यावरून मोठा वाद माजला. दोन वर्षांचे शिक्षण संपवून आलेल्या सहायकाने कोणत्या रोग्यास तपासावे, हे ठरवणारी सर्वमान्य चौकट नव्हती. जुलै २०२५ मध्ये प्राध्यापिका जिलियन लेंग यांचा अहवाल आला. निदान न झालेला रोगी प्रथम सहायकाने पाहू नये आणि नव्या सहायकाने गल्लीतल्या दवाखान्यात जाण्यापूर्वी निदान दोन वर्षे रुग्णालयात काढावीत, अशी शिफारस त्यात आहे.