फोटोतली तार पुसायची की ठेवायची? गोंदियाच्या सारसांचा एक फोटो आणि माझा घोळ

ज्यांना एपिसोड ऐकायला जमला नाही, किंवा जे इअरफोन घरी विसरून बसमध्ये बसलेत, त्यांच्यासाठी हे लिखित रूप. बोललो तसंच लिहिलंय. फक्त मधले 'अं... अं...' आणि मागे भुंकणारं कुत्रं काढून टाकलंय. म्हणजे एडिटिंग इथेही झालंच, आणि आजचा विषयही तोच आहे.

मी मूळचा गोंदियाचा. नोकरी पुण्यात, सॉफ्टवेअरमध्ये. पावसाळ्यात घरी गेलो की माझा एकच उद्योग असतो, सेकंडहँड झूम कॅमेरा गळ्यात अडकवायचा आणि बाइकवर परसवाडा, झिलमिलीच्या बाजूला निघायचं. कशाला? सारस बघायला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. सारस हा जगातला सगळ्यात उंच उडणारा पक्षी. पूर्ण वाढलेला सारस साधारण सहा फुटांपर्यंत जातो, म्हणजे माझ्यापेक्षा उंच. महाराष्ट्रात तो आता जवळजवळ फक्त गोंदिया जिल्ह्यात आणि थोडासा शेजारच्या भंडाऱ्यात उरलाय. तेही किती? काही डझन. वाघाच्या फोटोसाठी नागझिऱ्याला लोक लांबून येतात, पण धानाच्या बांधीत उभा असलेला हा पक्षी वाघापेक्षा दुर्मीळ आहे हे आमच्या कॉलेजच्या ग्रुपमध्येही निम्म्यांना माहीत नव्हतं.

तर झालं असं. रोवणी आटोपली होती, सगळीकडे हिरवंगार. एका धुऱ्यावर मी उभा, समोर साधारण साठ मीटरवर सारसांची जोडी. फ्रेम मस्त होती, पण तीन गोष्टी खटकत होत्या. मागे विजेची लाइन, बरोबर दोघांच्या डोक्यावरून फोटो आडवा कापत जाणारी. एक खांब, जो डावीकडच्या सारसाच्या डोक्यातून उगवल्यासारखा दिसत होता. आणि दोन पक्ष्यांमध्ये नको तेवढं अंतर, नवरा-बायकोचं भांडण झाल्यासारखं.

घरी आलो, लॅपटॉप उघडला, दहा मिनिटांत काम तमाम. तार गेली, खांब गेला, उजवीकडचा सारस उचलून डावीकडच्याजवळ आणला. टाकला फोटो. लाइक्सचा पाऊस. आमच्या आत्याने तो डीपी ठेवला.

आता हे सॉफ्टवेअर नेमकं करतं काय, ते आधी समजून घेऊ. मला हा भाग जाम आवडतो, थोडं सहन करा.

फोटोतून एखादी गोष्ट उचलली की तिथे भोक पडतं. तारेच्या मागे काय होतं हे कॅमेऱ्याने बघितलेलंच नाही, त्यामुळे ती माहिती फाइलमध्ये नाहीच. सॉफ्टवेअर ती 'शोधून काढत' नाही, ते अंदाजाने भरतं. फोटोशॉपमध्ये २०१० साली 'कंटेंट-अवेअर फिल' आलं आणि २०१२ साली 'कंटेंट-अवेअर मूव्ह', म्हणजे वस्तू उचलून दुसरीकडे ठेवायची आणि जुनी जागा आपोआप भरायची. यांच्या मुळाशी पॅचमॅच नावाचा एक अल्गोरिदम आहे, २००९ सालचा. त्याची युक्ती इतकी साधी आहे की हसू येतं.

समजा लग्नाच्या मांडवाबाहेर पाचशे चपला पडल्यात आणि तुम्हाला तुमची शोधायचीय. एकेक बघत बसलात तर पंगत उठून जाईल. त्यापेक्षा सगळे पाहुणे डोळे मिटून कुठेतरी हात घालतात. बहुतेकांचा अंदाज चुकतो, पण एखाद्याला त्याची सापडते. तो लगेच शेजारच्याला सांगतो, 'अरे, आपण सोबत आलो होतो ना, माझी इथे आहे म्हणजे तुझी बाजूलाच असणार.' मग ती बातमी शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे जाते. पॅचमॅच हेच करतं. भोकाच्या काठावरच्या छोट्या तुकड्यांसाठी फोटोत इतरत्र त्यांच्यासारखे तुकडे आधी अंदाधुंद शोधतं, एकाला चांगला जोडीदार मिळाला की शेजारच्या तुकड्याला त्याच्याच बाजूला बघायला लावतं. अशा चार-पाच फेऱ्या झाल्या की काम झालं.

धानाची बांधी म्हणजे या अल्गोरिदमसाठी मेजवानी. सगळीकडे सारखंच हिरवं, कुठलाही तुकडा कुठेही खपतो. पण चोरी पकडायची तर तीही तिथेच पकडता येते. झूम करून बघा, धानाचा एकच झुपका, त्याच वाकड्या पात्यासकट, दोन ठिकाणी दिसतो.

मोबाइलमधलं हल्लीचं एआय वेगळं. पिक्सेल फोनवर २०२१ साली मॅजिक इरेझर आलं, २०२३ साली मॅजिक एडिटर आलं, ज्यात माणूस-प्राणी बोटाने सरकवता येतो. त्याच वर्षी फोटोशॉपमध्येही जनरेटिव्ह फिल आलं. हे फोटोतले तुकडे नुसते इकडचे तिकडे चिकटवत नाही. लाखो फोटो बघून शिकलेलं असतं, त्या आठवणीतून ते नवीन चित्र *काढतं*. तार सारसाच्या मानेवरून जात असेल आणि तुम्ही ती पुसली, तर तिथे जी मान येते ती त्या पक्ष्याची नाही, 'मान साधारण अशी असते' एवढीच असते. मोठ्या सारसाचं डोकं आणि मानेचा वरचा भाग लालभडक, पिल्लाचं डोकं मातकट. तिथेच एआयने हात मारला तर पक्ष्याचं वयच बदललं.

आणि पक्षी सरकवणं तर त्याहून अवघड. माझा सारस पाण्यात उभा होता. तो सरकवला, पण पाण्यातलं त्याचं प्रतिबिंब जुन्याच जागी राहिलं. दोन दिवस कुणाच्याच लक्षात आलं नाही. पायाभोवतीची लाटांची वर्तुळं, सावली, मागच्या पक्ष्याचा आकार थोडा लहान असणं, हे सगळं सोबत हलवावं लागतं, नाहीतर फोटो खोटं बोलताना अडखळतो.

हा खेळ मोबाइलच्या आधीपासूनचा आहे बरं का. नॅशनल जिओग्राफिकने फेब्रुवारी १९८२ च्या मुखपृष्ठावर गिझाचे पिरॅमिड छापले. मूळ फोटो आडवा, मुखपृष्ठ उभं. मग त्यांनी कॉम्प्युटरवर एक पिरॅमिड सरकवून दुसऱ्याजवळ आणला. त्यावरून इतकी टीका झाली की फोटो-पत्रकारितेच्या वर्गात आजही हे उदाहरण शिकवतात. पिरॅमिड सरकवला तर पिरॅमिडचं काही बिघडत नाही. सारसांच्या बाबतीत मात्र बिघडतं.

कारण आठवड्याभराने सारस गणनेत काम करणाऱ्या ओळखीच्या एका दादाचा फोन आला. दर उन्हाळ्याच्या शेवटी पहाटे पहाटे सारस मोजतात, वन विभाग, स्वयंसेवक, शेतकरी सगळे मिळून. नदीपलीकडे मध्य प्रदेशातल्या बालाघाटमध्येही मोजतात. तर हा दादा सारस वावरतात त्या बांध्या आणि बोड्यांजवळून कुठल्या कुठल्या विजेच्या लाइनी जातात, त्याची यादी करत होता. म्हणाला, "तुझ्या फोटोतली जागा ओळखीची वाटते रे, पण तिथून तर लाइन जाते. तुझ्या फोटोत तारच नाही. दुसरी जागा आहे का?"

मी गप्प.

सारस अंड्या-पिल्लांच्या दिवसांत जितका धानाच्या बांधीवर अवलंबून, तितकाच मोठेपणी तारांमुळे धोक्यात. सहा-सात किलोंचा पक्षी, पंखांचा पसारा आठ फुटांच्या आसपास. उडताना ऐनवेळी वळता येत नाही. ११ केव्हीच्या लाइनमध्ये दोन तारांमधलं अंतर त्या पसाऱ्यापेक्षा कितीतरी कमी असतं. एक पंख एका तारेला, दुसरा दुसरीला, की खेळ खलास. भारतभर सारसांच्या मृत्यूंमागे विजेच्या तारा हे मोठं कारण आहे. २०२१ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने आपल्या भागातल्या सारसांची स्वतःहून दखल घेतली, त्यात या तारांचा मुद्दाही आला. आणि सारसाच्या फोटोतली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मी 'डिस्ट्रॅक्शन' समजून पुसून टाकली होती.

बरं, मूळ फाइल? कार्ड मी फॉरमॅट केलेलं, आणि लॅपटॉपवर मूळ फोटोवरच सेव्ह केलेलं. बीटेक झालेला माणूस, ऑफिसमध्ये ज्युनिअरांना बॅकअपवर लेक्चर देतो. असो.

मग दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच धुऱ्यावर. ज्यांची बांधी होती ते काका तिथेच होते. फोनवर दोन्ही गोष्टी सांगितल्या, आधीचा फोटो दाखवला. ते निरखून बघत म्हणाले, "तार कावून मिटवला गा बाबू? संध्याकाळी तिकूनच तं उडते ते."

या वेळी एक गोष्ट करून बघितली, तुम्हीही करा. एडिटिंगमध्ये वस्तू हलवण्याआधी स्वतः हला. सारस साठ मीटरवर, खांब तीनशे मीटरवर. मी एक मीटर उजवीकडे सरकलो तर खांब सारसाच्या मानाने ऐंशी सेंटिमीटर उजवीकडे सरकतो. म्हणजे तीन पावलांत डोक्यात उगवलेला खांब बाजूला. पुढ्यात पंधरा मीटरवर बाभळीची फांदी असेल तर ती एका मीटरमागे तब्बल तीन मीटर उलट्या दिशेला जाते, अर्ध्या पावलात काम होतं. तारेचं मात्र तसं नाही. ती आडवी, बाजूला सरकून जात नाही. मी हुशारी करून खाली बसलो तर ती उलट खाली येऊन बरोबर मानेवर बसली. पुन्हा उभा राहिलो. हे सगळं पक्ष्यापासून लांब राहूनच. सारस मान ताठ करून तुमच्याकडे बघायला लागला की समजायचं, आपण जास्त जवळ आलो.

मग एडिटिंग करायचंच नाही का? करा की! क्रॉप करा, उजेड कमी-जास्त करा. कोपऱ्यातली पांढरी पिशवी डोळ्यात खुपत असेल तर तेवढाच भाग गडद करा, लक्ष आपोआप पक्ष्याकडे जातं. सेन्सरवरच्या धुळीचे डाग पुसा. वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयरसारख्या स्पर्धाही एवढं चालवून घेतात. फोटोतली वस्तू काढणं, घालणं, सरकवणं चालत नाही, आणि पुढच्या फेरीत गेलात की रॉ फाइल मागतात. भिंतीवर लावायला आत्याला तारेशिवायचा हवा असेल तर तोही द्या, फक्त वेगळी कॉपी करून, आणि खाली लिहा की तार काढलीय. नोंदीसाठी कुणाला पाठवायचा असेल तर व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. साधा फोटो म्हणून पाठवला की तो दाबला जातो आणि वेळ-ठिकाणाची माहिती उडते. आणि घरटं दिसत असेल तर जागेचं नाव सोशल मीडियावर अजिबात टाकू नका, प्लीज.

दादाला मी नवीन फोटो पाठवला. तार आहे, दोन सारस आहेत, मधलं अंतर होतं तेवढंच आहे. सोबत जवळ जाऊन काढलेला खांबाचा एक फोटो, त्यावरचा पेंटने लिहिलेला नंबर वाचता येईल असा. त्याला लाइक्स आले चौदा. दादाचा रिप्लाय आला, "हा नंबर यादीत नव्हता."

पुढच्या एपिसोडमध्ये मोबाइलच्या झूमबद्दल बोलू, '१०० एक्स' म्हणजे खरं किती ते. भेटूच.