भरतीच्या दारावरची विद्या

नवी मुंबईचा बराचसा भाग उधाणाच्या भरतीच्या पातळीखाली वसला आहे. वाशी, सानपाडा, नेरूळ, बेलापूर इथे जिथे आज उंच इमारती उभ्या आहेत, तिथे पन्नास-साठ वर्षांपूर्वी खारी भातशेतं, मिठागरं आणि खाजणं होती. मधला बांध नसता तर ठाण्याची खाडी दिवसातून दोनदा या भागात आली असती. आजही येईल. तिला थोपवतात ते बांध, बांधातल्या झडपा आणि झडपांच्या आतल्या बाजूला मुद्दाम मोकळी राखलेली मोठमोठी तळी. सरकारी कागदांत त्यांना ‘धारण तलाव’ म्हणतात, लोकांच्या तोंडी ‘होल्डिंग पाँड’ बसलं आहे.

वाशीच्या मिनी सी शोअरवर संध्याकाळी भेळ खाणारे किंवा नेरूळच्या ज्वेल ऑफ नवी मुंबईला पहाटे फेऱ्या मारणारे हजारो लोक या तळ्यांच्या काठावरच असतात. कडेला बाकडी आहेत, झाडं आहेत, पाण्यावर बगळे उतरतात. हे पाणी आपल्या घरात शिरायचं पाणी अडवून धरतं, हे काठावरच्या फार थोड्यांना ठाऊक असतं. हे तळं राखणं हे एक कसबाचं काम आहे आणि त्याचं रीतसर शिक्षण द्यायला हवं, हे त्याहूनही कमी लोकांच्या मनात येतं.

खारेपाटाची शिकवण

हे कसब नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको महामंडळाच्या आधीपासून इथे आहे. पनवेल, उरण, पेण, अलिबागच्या खारेपाटातल्या, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीच्या पट्ट्यातल्या, आगरी शेतकऱ्यांनी खाडीच्या तोंडाशी मातीचे बांध घालून जमीन पिकाखाली आणली. समुद्राकडच्या बांधाला बाहेरकाठा म्हणतात. या बांधात पाणी सोडायला जी वाट ठेवतात ती उघाडी. तिला लाकडी झडप असते, वरच्या कडेला टांगलेली. आतलं पाणी चढलं आणि बाहेर ओहोटी असली की झडप बाहेर ढकलली जाते. भरती आली की खाडीचंच पाणी तिला दाबून बंद करतं. इंजिन नाही, वीज नाही, दोन बाजूंच्या पाण्याच्या पातळीतल्या फरकावर सगळं काम चालतं. गोव्याच्या खाजण शेतीत हेच काम ‘मानस’ करतं आणि तिथली खारं पाणी सोसणारी कोरगूट भाताची जात त्याच बांधांच्या आधारानं टिकली.

उघाडी एकट्यानं राखता येत नाही. बांधाला खेकड्यानं पाडलेलं बीळ वेळीच बुजवलं नाही तर एका उधाणात खांड पडते आणि शेकडो एकर जमीन खारी होते. म्हणून अलिबाग-पेणच्या बाजूला बांधाच्या दुरुस्तीसाठी जोळ नावाची सामुदायिक श्रमाची पद्धत होती. शेत बांधाला लागून असो की दूर, वाट्याचं काम प्रत्येकाला करावं लागे. भरतीचा हिशेबही तोंडपाठ असे: तिथीला पाऊणपट केलं की पूर्ण भरतीची वेळ निघते. अष्टमीला सहाच्या सुमारास, पौर्णिमेला आणि अमावास्येला सव्वाअकरा-बाराच्या सुमारास. छापील कोष्टक हातात नसतानाही उघाडीवर कधी जायचं ते घरातल्या पोरालाही सांगता येई.

पुढे हे काम सरकारकडे गेलं. १९४८ साली मुंबई राज्यात खार जमिनींचा कायदा झाला, १९७९ साली महाराष्ट्र खारभूमी विकास अधिनियम आला. पनवेलला कोकण कृषी विद्यापीठाचं खारभूमी संशोधन केंद्र आहे. पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ या खारपण सोसणाऱ्या भाताच्या जाती तिथूनच शेतकऱ्यांपर्यंत गेल्या. म्हणजे या पट्ट्यात बांध, भरती आणि खारं पाणी यांचं ज्ञान आधीपासून मुरलेलं होतं.

शहराला लावलेली उघाडी

१९६५ साली चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी ‘मार्ग’ या नियतकालिकातून खाडीपलीकडे नवं शहर वसवण्याची कल्पना मांडली. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली आणि ९५ गावांच्या सुमारे ३४४ चौरस किलोमीटर परिसरात आखणी सुरू झाली. पहिलाच पेच जमिनीच्या उंचीचा होता. सगळी सखल जमीन भराव घालून भरतीच्या वर उचलायची तर लागणारा मुरूम आणि पैसा दोन्ही अफाट. त्यावर तोडगा निघाला तो डच धर्तीचा: जमीन बेताची उचलायची, समुद्राच्या बाजूनं बांध घालायचा, गटारांचं पाणी आधी तळ्यात आणायचं आणि ओहोटीला तळ्यातून खाडीत सोडायचं. तत्त्व उघाडीचंच, फक्त तिच्यामागे भातशेताऐवजी आता शहर आलं.

हे तळं किती मोठं लागतं, याचा हिशेब साधा आहे आणि तो प्रत्येक नागरिकाला यायला हवा. एका हेक्टरवर तासाला ५० मिलिमीटर पाऊस पडला तर ५०० घनमीटर पाणी साचतं. १०० हेक्टरच्या वस्तीवर तेच ५०,००० घनमीटर होतं. रस्ते, गच्च्या आणि फरशांमुळे यातलं फारच थोडं जमिनीत मुरतं. भरतीमुळे दार तीन तास बंद राहिलं तर दीड लाख घनमीटर पाणी कुठेतरी ठेवावं लागतं. तळं दहा हेक्टरचं असेल तर त्यात दीड मीटर मोकळी खोली हवी. त्या तळ्यात अर्धा मीटर गाळ बसला, तर एक तृतीयांश जागा गेली. म्हणजे एका तासाचा पाऊस रस्त्यावर आणि तळमजल्यांत.

ही जागा फक्त कोरड्या हवामानात मोजून भागत नाही. पाऊस येण्याआधीच्या ओहोटीला तळं जितकं रिकामं झालं असेल तितकीच खरी साठवण. उधाणाच्या दिवसांत भरती फार चढते, पण ओहोटीही खोल उतरते, त्यामुळे तळं चांगलं रिकामं होतं. भांगाच्या दिवसांत भरती चढत नाही आणि ओहोटीही पुरेशी उतरत नाही. तेव्हा तळ्यात पाणी राहून जातं आणि पंपांचा आधार घ्यावा लागतो. साडेचार मीटरच्या भरतीचे दिवस वर्तमानपत्रांत दर पावसाळ्यात छापून येतात. भांगाच्या दिवसांची भीती कोणी छापत नाही, ती तळं राखणाऱ्याला माहीत असावी लागते.

एका झडपेजवळ

धारण तलावाच्या दाराशी उभं राहून एक भरती पाहिली की सारं कळतं. ओहोटी संपत आलेली असते तेव्हा झडप बोटभर, वीतभर उघडी असते आणि तिच्या खालून काळपट पाणी खाडीकडे पळत असतं. खाडी फिरते. प्रवाह मंदावतो, झडपेखालची फट आखडत जाते आणि बाहेरची पातळी आतल्यापेक्षा किंचित वर आली की झडप बसते. पुढे जितकं पाणी चढेल तितकी ती घट्ट दाबली जाते.

नेमक्या त्या क्षणी उंबऱ्यावर प्लास्टिकची गोणी, नारळाची करवंटी किंवा फांदीचा तुकडा अडकला तर झडप पूर्ण बसत नाही. चार बोटांची फट उरते. बाहेरून मीटर-दीड मीटर उंचीचं पाणी त्या फटीतून पिचकारीसारखं आत येतं, तासन्‌तास येत राहतं. बिजागरं गंजलेली असली, कडेची रबरी पट्टी फाटलेली असली, लोखंडावर कालवं चढलेली असली तरी तेच होतं. म्हणून दारावरच्या माणसाचं खरं काम भरती फिरण्याआधीच्या अर्ध्या तासात असतं: लांब बांबूच्या आकड्यानं उंबरा मोकळा करणं, झडप हातानं हलवून पाहणं, आतली आणि बाहेरची पातळी नोंदवणं. रात्री दोनला भरती फिरत असेल तर रात्री दीडला.

गाळ, तिवर आणि न्यायालय

गळक्या दारातून येणारं पाणी एकटं येत नाही. ठाण्याच्या खाडीचं पाणी गढूळ आहे. तळ्यात शिरून स्थिर झालं की त्यातली माती खाली बसते. त्याच पाण्याबरोबर तिवराच्या, म्हणजे कांदळवनातल्या झाडाच्या, बिया येतात. तिवराचं फळ पावसाळ्यात गळतं, पाण्यावर तरंगत जातं, काही दिवसांत वरचं आवरण टाकतं आणि मऊ गाळ मिळाला की मूळ धरतं. वर्षानुवर्षं असं झालं की तळ्याच्या मधोमध कांदळवन उभं राहतं. त्याची श्वसनमुळं पाण्याचा वेग आणखी कमी करतात, आणखी गाळ बसतो, आणखी तिवर येतात.

कांदळवन तोडणं हा उपाय नाही आणि तो कायद्यानं करताही येत नाही. मुंबई उच्च न्यायालयानं ऑक्टोबर २००५ मध्ये अंतरिम आदेशानं आणि १७ सप्टेंबर २०१८ रोजी अंतिम निकालानं राज्यभर कांदळवनाच्या नाशावर बंदी घातली. त्याभोवतीचा पन्नास मीटरचा पट्टाही संरक्षित केला. हा निकाल महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर फार मोठा उपकार आहे.  पण धारण तलावातला गाळ काढायचा तर परवानग्या घ्याव्या लागतात, आणि परवानगी मागणाऱ्याला कुठून गाळ काढायचा, कुठली झाडं ठेवायची, पाण्याची वाट कशी वळवायची याचा आराखडा देता यायला हवा. एका बाजूला ‘तळं साफ करा’ आणि दुसऱ्या बाजूला ‘झाडाला हात लावू नका’ अशा दोन घोषणांमध्ये हा प्रश्न वर्षांमागून वर्षं अडकला आहे. दोन्ही बाजूंचं म्हणणं खरं आहे. दोन्हींची भाषा कळणारी माणसं मात्र फार थोडी आहेत.

शिकवणाऱ्या जागा

अशी माणसं घडवता येतात, याचे दाखले आहेत. नेदरलँड्समध्ये १९५३ च्या समुद्री पुरात अठराशेहून अधिक माणसं दगावली. चार वर्षांनी, १९५७ साली डेल्फ्टला जलअभियंत्यांसाठी आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम सुरू झाला. आज ती संस्था आयएचई डेल्फ्ट म्हणून जगभरातल्या पाणी व्यावसायिकांना शिकवते.

कांदळवनाचं पुनरुज्जीवन कसं करायचं, हे शिकवण्यात रॉबिन लुईस या अमेरिकी शास्त्रज्ञाचं नाव आदरानं घ्यावं लागतं. फ्लोरिडातल्या वेस्ट लेक इथे १९८०च्या दशकात त्यांनी आधी जमिनीची उंची आणि पाण्याच्या वाटा दुरुस्त केल्या. भरतीनं बिया आणल्या आणि जंगल उभं राहिलं. हाच धडा ते पुढे देशोदेशीच्या प्रशिक्षणांत देत राहिले: आधी पाणी नीट करा, रोपं नंतर. नेरूळच्या डीपीएस तलावानं आपल्याला हाच धडा दिला. भरतीच्या वाटा बंद झाल्या तशी तिथली दलदल सुकू लागली आणि रोहित पक्ष्यांनी पाठ फिरवली.

कोलकात्याच्या पूर्वेला १२,५०० हेक्टरच्या पाणथळीत शहराचं सांडपाणी मासे आणि भाजीपाला पिकवत शुद्ध होतं, हे जगापुढे मांडलं ते ध्रुबज्योती घोष या सरकारी अभियंत्यानं. त्यांनी ते शिक्षण तिथल्या मच्छीमारांकडून घेतलं. २००२ साली त्या पाणथळीला रामसर करारानुसार आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा दर्जा मिळाला. अभियंत्यानं कोळ्यापाशी बसून शिकावं, ही वाट त्यांनी घालून दिली.

आपल्याकडेही पायऱ्या तयार आहेत. राज्याचा कांदळवन कक्ष २०१२ पासून काम करतो आहे. ठाणे खाडीचं रोहित पक्षी अभयारण्य २०१५ साली जाहीर झालं आणि २०२२ मध्ये ठाणे खाडी रामसर यादीत गेली. पुण्याजवळ खडकवासल्याला राष्ट्रीय जल अकादमी आहे. २०१९ साली केंद्र सरकारनं पावसाळी पाण्याच्या निचऱ्यावर स्वतंत्र नियमपुस्तिका काढली. त्याआधी शहरांना सांडपाण्याच्या पुस्तिकेतल्या तुटपुंज्या मजकुरावर भागवावं लागे. उणीव आहे ती हे सारं एका वर्गात आणण्याची.

त्या वर्गात काय शिकवावं? पावसाचा आणि साठवणीचा हिशेब, भरतीचं कोष्टक वाचणं, झडपेची आणि पंपाची दुरुस्ती, गाळाची खोली मोजून नकाशावर मांडणं, तिवर, चिपी, कांदळ ओळखणं, आणि कायद्यानं काय करता येतं व काय नाही. शिकवायला अभियंता हवा, वनस्पतिशास्त्रज्ञ हवा, वकील हवा आणि उघाडी हातानं राखलेला खारेपाटाचा शेतकरीही हवा. परीक्षा जून ते सप्टेंबर या काळात, दारावर व्हावी. जो उत्तीर्ण होईल त्याला प्रमाणपत्र, कायम नोकरी आणि पद मिळावं. पावसाळ्यापुरता ठेकेदाराचा कामगार नेमून हे काम होत नाही, कारण तळ्याची खोड कळायलाच दोन-तीन पावसाळे जातात.

नवी मुंबई आणि पनवेल या महापालिकांनी हा अभ्यासक्रम एकत्र सुरू करावा आणि पहिल्या जागा त्या ९५ गावांतल्या मुलामुलींना द्याव्यात. त्यांच्या आजोबांच्या जमिनीवर हे शहर उभं आहे आणि भरतीचा हिशेब त्यांच्या घरात अजून विसरलेला नाही. खर्च एखाद्या उड्डाणपुलाच्या खर्चाच्या तुलनेत किरकोळ येईल. आपल्या नगरसेवकाला या पावसाळ्याआधी एक प्रश्न जरूर विचारा: आपल्या विभागातल्या धारण तलावाच्या दारावर रात्रीच्या भरतीला कोण असतं, आणि त्याला हे काम कोणी शिकवलं?